मुष्टियुद्धाचा सराव आणि भाषेचे दारिद्र्य

क्रीडा-प्रशिक्षण हा शारीरिक शिक्षण विभागाचा विषय. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यात लक्ष घालू नये, असे मानणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. किशोरवयीन मुष्टियोद्ध्यांच्या सरधोपट सरावात जी उणीव आहे, ती बऱ्याच अंशी भाषेची उणीव आहे, असे आमचे म्हणणे आहे.

या खेळाचे गणितच पाहा. युवा गटातील हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. दोन फेऱ्यांमध्ये एका मिनिटाची विश्रांती. म्हणजे नऊ मिनिटे मुलगा एकटा, आणि प्रशिक्षकाच्या वाट्याला जेमतेम दोन. भीती आवरणे, दम राखणे, हुकलेला ठोसा विसरून पुढचा आखणे, हे सारे त्याचे त्यालाच करावे लागते. मानसशास्त्र यालाच आत्मनियमन म्हणते. आणि सराव कसा चालतो? शिट्टी वाजली की सारी मुले तितक्याच फेऱ्या धावतात, तितकेच ठोसे मोजतात. वयात येण्याचा वेग प्रत्येकाचा निराळा असतो, याची दखल कोण घेतो? स्पर्धेत वजनगट पाडायचे आणि सरावात मात्र सर्वांना एकाच काठीने हाकायचे, यास शिस्त म्हणणे आम्हास मान्य नाही.

'आपली आखाड्याची परंपरा अशीच होती' हा युक्तिवाद तर परंपरेवरच अन्याय करणारा आहे. जाणता वस्ताद पठ्ठ्याची अंगकाठी पाहून डाव देतो. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव लहान चणीचे, बँटमवेट गटातले मल्ल होते. धिप्पाडांची कुस्ती त्यांच्या काय कामाची?

त्याच १९५२ साली मराठीत आणखी एक घटना घडली. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या कविता ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी स्त्रीने मनाचा चंचलपणा आपल्या लेवा गणबोलीत नेमका पकडला. त्यासाठी तिला उसनी परिभाषा लागली नाही. लेव व्हिगॉट्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले की, मूल स्वतःशी बोलत बोलत स्वतःच्या वर्तनावर ताबा मिळविते. मग असोद्याच्या पंचक्रोशीतील मुलाने आपली भीती आपल्या बोलीत का मांडू नये?

'एका प्रशिक्षकाकडे इतकी मुले. प्रत्येकाकडे कसे पाहणार?' हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तरही यातच आहे. प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. सरावापूर्वी आजचे उद्दिष्ट, नंतर काय साधले, कोठे दम तुटला, राग केव्हा आला, हे त्याने दोन ओळींत लिहावे, मग ती अहिराणीत असोत वा लेवा बोलीत. प्रशिक्षकाने आठवड्यातून एकदा ती वाचून ज्याचा त्याचा सराव बदलावा. याला फारसा निधी लागत नाही. मुलाचे ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते.

आणि येथेच आमच्या व्यवसायबंधूंवरही जबाबदारी येते. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. पण वर्गात त्यांच्या कवितेवर छापील टिपणे उतरवून घेणारे आपण त्या शिट्टीवाल्या प्रशिक्षकाहून वेगळे काय करतो? स्वतःच्या मनाविषयी स्वतःच्या शब्दांत दोन वाक्ये लिहिण्याची सवय भाषेच्या वर्गात लागली नाही, तर ती रिंगणात ऐन वेळी कोठून येणार? मैदानावरचे सहकारी बोलावतील याची वाट न पाहता आपणच त्यांच्याकडे जावे, असे आम्ही सुचवितो.