मंद रेणू आणि अधीर अनुदान

प्रकाश पडला की वस्तू तापते, हा नित्याचा अनुभव. त्याच प्रकाशाने पदार्थ थंडही करता येईल, ही कल्पना हॅन्श व शॉलॉ यांनी १९७५ साली मांडली, आणि दहा वर्षांनी स्टीव्हन चू व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सोडियमच्या अणूंना लेसरने जवळजवळ स्तब्ध केले. रेणू मात्र या उपायाला दीर्घकाळ दाद देईनात.

समोरून लेसरचा झोत आला की अणू त्यातील प्रकाशकण शोषतो आणि त्याला उलट दिशेने किंचित धक्का बसतो. शोषलेला प्रकाश तो पुन्हा टाकतो, पण वाटेल त्या दिशेला. म्हणून समोरचा धक्का तेवढा हिशेबात उरतो. येल विद्यापीठात डेव्हिड डेमिल यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम व फ्लोरिन यांचा रेणू निवडला. एका धक्क्याने त्याचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर घटतो, आणि रेणूंची शलाका तर धावते सेकंदाला सुमारे १४० मीटर! म्हणजे पंचवीसेक हजार धक्के हवेत. हे रेणू हेलियमच्या साह्याने आधीच थंड केलेले असतात. तरी ते धावतात कसे? लोकलच्या गच्च डब्यातील प्रवासी एकमेकांच्या मानाने हलत नाहीत, गाडी मात्र धावतच असते. तापमान हे आपसांतील धावपळीचे माप आहे, गाडीच्या वेगाचे नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. प्रकाश टाकून झाल्यावर रेणू निराळ्याच कंपनावस्थेत उतरू शकतो, आणि मग तो लेसर त्याला ओळखतच नाही. अशी गळती अत्यल्प असणारे रेणू निवडावेत, ही सूचना २००४ साली पुढे आली. उरलेल्या चुकारांना परत आणण्यासाठी येलमध्ये जादा लेसर योजले गेले. २०१० साली शलाका आडव्या दिशेने थंड झाली, २०१२ साली तिचा वेग घटला, आणि २०१४ साली रेणू निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही सहस्रांशांवर सापळ्यात अडकले.

हा खटाटोप कशासाठी? मंद रेणू अधिक काळ निरखता येतो, आणि त्याच्या आधारे इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भाराच्या ठेवणीत काही असमानता आहे काय, हे कसोशीने तपासता येईल. तशी ती आढळल्यास अज्ञात जड कणांचा सुगावा लागेल. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात ज्यांचा शोध चालतो, त्यांच्याच जातीचे हे कण. रेणूंच्या प्रयोगाला मात्र एखादी प्रयोगशाळा पुरते.

भारतातील धोरणकर्त्यांनी नेमके हेच ध्यानी घ्यावे. हिंगोली जिल्ह्यातील लिगो-इंडिया प्रकल्पास २०२३ साली केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ते योग्यच झाले. पण भव्यतेची ही आवड विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांच्या मुळावर येता कामा नये. तेथे पैशाइतकीच उणीव मुदतीची असते. २००४ च्या सूचनेवर कोणी तीन वर्षांचे अनुदान घेतले असते, तर २००७ साली अहवालात दाखविण्यास त्याच्यापाशी एकही मंदावलेला रेणू नसता. अशा कामांसाठी निदान दहा वर्षांची हमी असलेली काही अनुदाने वेगळी काढावीत, आणि मधल्या वर्षांत मागावयाचा तो हिशेब निकालांचा नव्हे, कामाचा मागावा.