शेवटचं वर्ष, पहिला दौरा

दोस्तांनो, दर आठवड्याला या पानावर मी तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. आजची गोष्ट मात्र माझ्या चुकीपासून सुरू होते. तुमचे सरही चुकतात, बरं का!

आमची शाळा जालना जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. सातवी झाली की मुलं मोठ्या गावच्या हायस्कूलला जातात. म्हणजे सातवी हे आमच्याकडचं शेवटचं वर्ष. यंदा सातवीच्या पोरापोरींनी स्पर्धेसाठी समूहनृत्य बसवायला घेतलं, गोंधळ! आधी केंद्राची स्पर्धा, तिथे नंबर आला तर तालुक्याची. तालमी रोज शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात.

त्यात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, कारण तोही हे पान वाचतो. वडील जालन्याला रोलिंग मिलमध्ये कामाला. पोरगा अंगानं काटकुळा, वर्गात तोंडातून शब्द फुटत नाही. पण तालमीत बाकीचे पाणी प्यायला पळाले की हा एकटाच व्हरांड्याच्या कठड्याला धरून चवड्यांवर उभा राहायचा, हात सोडायचा आणि गर्रकन गिरकी घ्यायचा. एके दिवशी मी आपला विनोद करायला गेलो. म्हणालो, "काय रे, नाच्या व्हायचंय का तुला?"

सगळी पोरं खदखदून हसली. तोही हसला. दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी म्हणाला, "सर, पाय दुखतोय."

पाय चार दिवस दुखला. पाचव्या दिवशी वर्गातल्या एका मुलीनं मला गाठलं. "सर, त्याचा पाय दुखत नाही. काल लंगडीत त्यानं आम्हा सगळ्यांना बाद केलं." एवढंच बोलली आणि पळाली.

मला जे समजायचं ते समजलं. खरं तर नाच्या हा तमाशातला मानाचा कलावंत. गणपत पाटलांनी मराठी सिनेमात नाच्याच्या भूमिका वर्षानुवर्षं रंगवल्या. पण गावात आपण तो शब्द शिवीसारखा फेकतो, आणि मी मास्तर असून तसाच फेकला होता.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास होता. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बॅले'.

"सर, बैल चुकला," मागच्या बाकावरून आवाज आला.

बैल नाही बाबांनो, बॅले! हा युरोपातला नाच. इटलीच्या दरबारांत त्याचा उगम झाला आणि फ्रान्समध्ये तो वाढला. तिथला राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. राजा, बरं का! त्यानं १६६१ साली पॅरिसला नृत्याची राजसंस्था स्थापन केली. त्याच १६६१ साली आपल्याकडे शिवरायांनी उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी केली होती. म्हणून आजही जगात कुठंही बॅले शिका, पायांच्या हालचालींची नावं फ्रेंचच. गुडघे वाकवणं म्हणजे 'प्लिए'. पोरांनी लगेच आपापल्या बाकापाशी उभं राहून प्लिए करून घेतलं. तो मुलगा मात्र खिडकीबाहेर बघत होता.

मग मी मुंबईच्या दोन पोरांची गोष्ट सांगितली. एक अमिरुद्दीन शाह, वडील वेल्डर. दुसरा मनीष चौहान, वडील टॅक्सी चालवायचे. दोघांच्याही घरात बॅले हा शब्द कुणी ऐकला नव्हता. दोघं आधी उड्या, कोलांट्या आणि रस्त्यावरचे डान्स करत मोठे झाले. मुंबईत 'डान्सवर्क्स' नावाची नृत्यसंस्था आहे. तिथे येहुदा माओर नावाचे इस्रायलमध्ये जन्मलेले वयस्कर गुरुजी बॅले शिकवायला आले होते. त्यांची नजर या दोघांवर पडली. परदेशात मुलं साधारण आठ-दहा वर्षांची असताना बॅले सुरू करतात, आणि मनीषनं सुरू केलं तेव्हा त्याचं ते वय कधीच सरलं होतं! तरी गुरुजींनी शिकवलं आणि पोरं शिकली. २०१७ साली अमिरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. खर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली. मनीष पुढे शिकायला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गेला. या दोघांवरून सूनी तारापोरवाला यांनी काढलेला 'ये बॅले' हा सिनेमा २०२० साली आला. त्यात मनीषनं स्वतःचीच भूमिका केली आहे. मिळाला तर आई-बाबांबरोबर बसून बघा.

"वेल्डर म्हणजे आपल्याकडं गेटं बनवतात तसलेच का सर?" कुणीतरी विचारलं. "तसलेच," मी म्हणालो. आमच्या जालन्यात लोखंडाचं काम कुणाला सांगावं लागत नाही. खिडकीकडचं डोकं आता माझ्याकडे वळलं होतं.

मग प्रश्न सुरू झाले, आणि गणित राहिलं बाजूला.

बॅलेच्या शाळेत शेवटच्या वर्षाला काय असतं? तुम्ही म्हणाल, परीक्षा. परीक्षेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लोकांसमोर नाचणं. लंडनला सेंट्रल स्कूल ऑफ बॅले म्हणून एक शाळा आहे, १९८२ साली सुरू झालेली. तिथे तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मिळून एक फिरती मंडळी होते. तिचं नाव 'बॅले सेंट्रल'. ही मंडळी गावोगावच्या थिएटरांत प्रयोग करत फिरते. नुसतं नाचायचं नाही हं! सामान उतरवायचं, कपडे सांभाळायचे, असली कामंही विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात. त्याच शहरातल्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलच्या विद्यार्थ्यांनी तर खास छोट्या मुलांसाठी दौरे केले आहेत. गोष्ट आटोपशीर केलेली, आणि एक जण ती तोंडी सांगत जातो, म्हणजे तीन वर्षांच्या पोरालाही कळावी.

हे ऐकून आमच्या वर्गाला पहिल्यांदा आठवला तो तमाशाचा फड. आणि बरोबरच आहे! दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात. नारायणगावला राहुट्या लागतात, तिथे गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. तंबू, दिवे, जनरेटर, कपड्यांच्या पेट्या, सगळा संसार ट्रकमध्ये. आज या गावात, उद्या त्या गावात. फरक एवढाच की ही लंडनची मंडळी विद्यार्थ्यांची असते.

पण दौऱ्याची तयारी म्हणजे काय, ते नीट ऐका, कारण मलाही ते नवं होतं.

रोजचा दिवस सुरू होतो 'बार'नं. हसू नका! बार म्हणजे भिंतीलगत कमरेच्या उंचीवर बसवलेला आडवा दांडा. त्याला हात टेकून तेच ते प्लिए, तेच ते पाय ताणणं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो की जगप्रसिद्ध नर्तक, दिवस दांड्यापासूनच. गवई रोज सकाळी षड्ज लावतो ना, तसंच. त्या दिवशी मला कळलं की आमचा मुलगा व्हरांड्याच्या कठड्याला धरून जे करत होता, त्याला लंडनमध्ये वर्ग म्हणतात.

मग बूट. मुली पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात ना, त्यांचे बूट वेगळे. पुढचं टोक कापड आणि कागद यांचे थर खळीनं चिकटवून कडक केलेलं असतं. त्याच्या रेशमी पट्ट्या मुली स्वतःच्या हातानं शिवतात, नवा बूट वाकवून-ठोकून पायाजोगा करतात. घामानं टोक मऊ पडलं की बूट बाद. मोठ्या नर्तकीचा एक जोड कधी कधी एकाच प्रयोगात संपतो! मुलगे साधारणपणे हे बूट घालत नाहीत. त्यांच्याकडे उंच उड्या आणि जोडीदारणीला उचलणं. (घरी टोकावर उभं राहून बघू नका. आधी काही वर्षं पाय तयार व्हावे लागतात, हाडं पक्की व्हावी लागतात. चवड्यांवर उभे राहा हवं तर.)

दौऱ्यात सगळ्यात मोठी अडचण कसली? मला वाटलं होतं जेवणाची. नाही. अडचण जमिनीची. शाळेत रोजची ओळखीची लाकडी जमीन आणि समोर भिंतभर आरसा. थिएटरात आरसा नाही, समोर नुसता काळोख. आपला हात किती वर गेला हे डोळ्यांनी नाही, अंगानं ओळखायचं. स्टेज कुठे लहान, कुठे मोठं. युरोपातल्या कित्येक जुन्या थिएटरांत तर स्टेज प्रेक्षकांकडे उतरतं असतं, आपल्या शेतातल्या उतारासारखं. म्हणून मंडळी पोचली की आधी नाचाची रबरी जमीन अंथरायची, कडा चिकटपट्टीनं पक्क्या करायच्या. मग प्रत्येकानं स्टेजवर फिरून आपल्या जागा बघून घ्यायच्या. घसरू नये म्हणून बुटाला राळ लावतात. व्हायोलिनच्या गजाला लावतात, तीच राळ.

आणि हे सगळं चालू असताना नोकरी शोधायची! शेवटच्या वर्षात विद्यार्थी वेगवेगळ्या मंडळींकडे चाचणीला जातात. छातीवर नंबराचा कागद टाचलेला, रांगेत अनोळखी मुलं, समोर बसलेले परीक्षक. जागा थोड्या, उमेदवार ढीगभर. पाय मुरगळला तर वर्ष वाया जाण्याची भीती. सगळं गोडच आहे असं मी वर्गाला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही.

तास संपत आला तेव्हा मी खडू ठेवला आणि म्हणालो, "त्या दिवशी तालमीत मी एकाला नाच्या म्हणालो. ते मी चुकलो. तुम्ही हसलात, पण हसवलं मी."

वर्ग गप्प. मला वाटलं, तो मान खाली घालेल. त्यानं हात वर केला.

"सर, उताराच्या स्टेजवर गिरकी मारताना ते पडत नाहीत का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि तुम्हीही ते आज करून बघा. सरळ उभे राहा. समोर डोळ्यांच्या उंचीवर एक खूण धरा, दाराची कडी म्हणा. आता अंग हळूहळू फिरवा, पण नजर खुणेवरच ठेवा. मान पुढे वळेना झाली की डोकं झटकन फिरवून अंगाच्या आधी पुन्हा त्याच खुणेवर आणा. अंग संथ, डोकं चपळ. भोवळ कमी येते, तोल राहतो आणि आपलं तोंड कुठे आहे ते कळतं. बॅलेवाले असंच करतात, आपले कथकचे नर्तकही चक्करांत असंच करतात. आधी सावकाश चार वेळा करा, मग वेग. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी तिघं बाकावर आपटले!

त्या संध्याकाळी त्याचा पाय बरा झाला. पुढचे पंधरा दिवस तो सगळ्यांना गिरकी शिकवत होता, आणि मी बाजूला बसून संबळाची कॅसेट... चुकलो, मोबाईल लावत होतो. जुनी सवय!

एक काळजी होती. केंद्राची स्पर्धा आम्ही जिंकलो, पण तालुक्याला दिवसभर जायचं म्हणून त्याचे वडील बिचकले. "सर, अभ्यासाचं वय हाय. नाचून काय व्हनार?" पालकांनो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि छातीठोक उत्तर माझ्यापाशी नाही. नाचून नोकरी लागेल असं मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हणालो, "दादा, तुम्ही एकदा गिरकी बघा." ते मिलची पाळी बदलून घेऊन आले.

छोटा हत्ती ठरवला. चौदा पोरं, हळदी-कुंकवाची ताटं, दिवट्या, कवड्यांच्या माळा आणि खाली अंथरलेलं गोणपाट. रस्ताभर गाणी. तालुक्याच्या मैदानावर फळ्यांचं स्टेज, वर सतरंजी. पोचल्याबरोबर माझी पोरं, न सांगता, स्टेजवर चढली आणि चालत फिरायला लागली. उजव्या कोपऱ्यातली एक फळी पोकळ निघाली. सतरंजी सरकत होती. तिच्या कडा आम्ही खिळ्यांनी पक्क्या केल्या आणि त्या कोपऱ्यात कुणी उडी मारायची नाही असं ठरलं. दुसऱ्या शाळेचे सर बघतच राहिले.

आमचा नंबर पुकारायच्या आधी तो माझ्याकडे आला. "सर, इथं खूण धरायला कायच नाही. समोर नुसती मानसं."

मी इकडेतिकडे पाहिलं. खरंच काही नव्हतं.

"तुम्ही तो लाल मफलर घालून त्या मागच्या खांबापाशी उभे राहा," तो म्हणाला. "आणि हलू नका."

मी जाऊन उभा राहिलो. संबळ सुरू झालं. मधेच टेबलापासून केंद्रप्रमुखांनी हाक मारली, "सर, जरा इकडे या, यादीवर सही राहिली!" मी ऐकलं नाही. पुन्हा हाक आली. शेजारी त्याचे वडील उभे होते, ते म्हणाले, "सर, बोलवायलेत तुम्हाला."

"थांबा दादा," मी म्हणालो, "आता तीन गिरक्या आहेत."

तिन्ही वेळा त्याचं तोंड झटकन माझ्या मफलरवर आलं.