पहिली तपासणी आणि पहिला खाडा

बाईला दिवस गेले की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे, पहिली तपासणी चुकवू नये, असे आरोग्य उपकेंद्रांच्या भिंतींवर रंगवलेले असते. सोबत चित्र असते. चित्रातली बाई गोरीपान, हातभर हिरव्या बांगड्या, शेजारी हसतमुख नवरा, पुढ्यात फळांची परडी. तिच्या हातात कोयता नसतो. बीड जिल्ह्यात ही भिंत रंगवणाऱ्याने भिंतीकडे पाठ करून एकदा समोरची वस्ती पाहिली असती, तर चित्र वेगळे निघाले असते.

या चित्रामागे एक समजूत आहे. गरीब बाई अडाणी आहे, तिला तपासणीचे महत्त्व कळत नाही, म्हणून जनजागृती करायची. शासन हेच म्हणते, संस्थावाले हेच म्हणतात आणि आपल्यातले शिकलेले लोकही आता हेच म्हणायला लागले आहेत. आमचा या समजुतीला विरोध आहे. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या वस्त्यांवर आम्ही काम करतो. दिवस गेल्यावर दवाखान्यात जायचे असते हे माहीत नसलेली बाई आम्हाला अजून भेटलेली नाही. आशाताई दारात येऊन सांगून जातात. बाईला मात्र आणखी एक गोष्ट माहीत असते, जी भिंतीवर लिहिलेली नसते. ती म्हणजे दवाखान्यात घालवलेल्या एका दिवसाची किंमत.

पुण्या-मुंबईतल्या ज्या मित्रांनी ऊसतोड फक्त बातम्यांत पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. या कोयत्यावर मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. ती फेडायला दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत जोडप्याने सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे नाहीतर बेळगावकडे जाऊन ऊस तोडायचा. हक्काची सुट्टी नाही. एक दिवस फडात गेले नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे ५०० ते १,००० रुपये उचलीत चढतात. बाई एकटी थांबली तरी कोयता मोडतो, म्हणजे खाडा. उचल घेताना अंगठा उठतो नवऱ्याचा, गहाण पडतात दोघांची शरीरे. १९७६ च्या कायद्याने या देशातली वेठबिगारी बंद झाली म्हणतात. अगाऊ रकमेपोटी माणसाचे श्रम बांधून घेणे यालाच तो कायदा वेठबिगारी म्हणतो, हे जिल्हाधिकारी कार्यालयात कोणी वाचले आहे की नाही कोण जाणे.

आता बारा आठवड्यांचा हिशेब बघा. श्रावणात जिची शेवटची पाळी आली, तिचे बारा आठवडे कार्तिकात भरतात. तोवर ती गावात नसते. अशोक विजयादशमीला एकत्र बुद्धवंदना घेतलेली वस्ती पुढच्या काही दिवसांत निम्मी रिकामी होते. म्हणजे पहिल्या तपासणीची सरकारी मुदत आणि टोळ्या उठण्याची वेळ एकच. तिकडे गेल्यावर ती कोपीत राहते, पहाटे तीन-चारला उठते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. गेलीच, तर ‘तुमची नोंद बीडला, मग तिकडेच दाखवा’ हे उत्तर मिळते. मार्चमध्ये गावी परतली की इकडची बाई विचारते, ‘इतके दिवस कुठे होतीस?’ २०२५ मध्ये बीडच्या आरोग्य यंत्रणेचे आकडे वर्तमानपत्रांत आले. त्या हंगामात १,५२३ बायका गरोदरपणात ऊस तोडत होत्या. या सगळ्या अडाणी होत्या काय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न अडाणीपणाचा मानला नव्हता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. भीमजयंतीच्या भाषणांत या प्रसंगाचा उल्लेख ‘स्त्रियांचे उद्धारक’ एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो, त्यामुळे त्यातला युक्तिवाद बाजूलाच राहतो. त्यांचे म्हणणे असे होते की बाळंतपणाआधीच्या काळात आणि नंतरही आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. आणि जो मालक बाईच्या श्रमातून नफा घेतो, त्यालाही यातून अंग काढून घेता येणार नाही. मालकाला बायका कामावर ठेवणे परवडते म्हणूनच तो ठेवतो, मग त्या नफ्याबरोबर जबाबदारीही आलीच. त्या संपूर्ण मांडणीत बाईला उपदेश नाही. प्रश्न विचारला आहे तो सरकारला आणि मालकाला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही सुधारणा करून घेतल्या.

या मांडणीला आता शंभर वर्षे होत आली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली २६ आठवड्यांची पगारी रजा आली. त्या रजेसाठी अट काय? बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ८० दिवस कायम आहेत. ऊसतोड करणारी बाई एका हंगामात त्याच्या दुपटीने दिवस भरते, तेही पोटात मूल असताना. पण तिचा हजेरीपट नसतो. कारखान्याच्या कागदावर करार असतो वाहतूकदाराशी, नाहीतर मुकादमाशी. साखर कारखान्याची, ऊस कारखान्याचा, गाळपाचा दिवस कारखाना ठरवणार, फड कारखान्याचा शेतकी विभाग ठरवणार. फक्त ऊस तोडणारी बाई कोणाचीच नाही! २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, नेत्यांचे सत्कार झाले. ती वाढ टनावर आहे. सातव्या महिन्यातल्या बाईचा टन कमी पडतो, म्हणून तिच्या वाट्याची वाढही कमी. हा साधा हिशेब वाटाघाटीच्या टेबलावर मांडायला तिथे बाई होती कुठे?

सरकारच्या मदतीचाही हिशेब करू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचे कबूल केले. २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती ५,००० रुपयांची, आणि पहिल्याच अपत्यापुरती. पुढे त्यात दुसरे अपत्य घातले, पण ती मुलगी झाली तर. जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यातल्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात. एका खाड्याच्या दंडाइतकेच. याच पैशांसाठी आधार, बँक खाते, मोबाइल क्रमांक, सगळे जुळावे लागते, आणि लग्नानंतर आधारवरचे नाव बदललेले नसले की फाइल अडते.

आता दुसरी बाजू. शहरात पहिल्या तपासणीची तयारी म्हणजे गर्भसंस्काराचे वर्ग. श्लोक ऐका, सात्त्विक खा, मन प्रसन्न ठेवा, मूल तेजस्वी होईल. आपल्या समाजातली नोकरदार कुटुंबेही हे वर्ग लावायला लागली आहेत, म्हणून लिहितो. ज्या सोळा संस्कारांच्या परंपरेचे हे नवे वेष्टन आहे, त्यात गर्भ राहिल्यानंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करायचा पहिला विधी पुंसवन आहे. पुंसवन म्हणजे मुलगाच व्हावा म्हणून केलेला संस्कार. आईच्या रक्ताची, वजनाची, थकव्याची चौकशी त्यात नाही. हजारो वर्षे तिसऱ्या महिन्यात बाईला विचारला गेलेला प्रश्न ‘मुलगा ना?’ एवढाच असेल, तर सोनोग्राफीचे यंत्र आल्यावर काय होणार? परळीत ते झाले. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. २०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडेच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका बाईचा मृत्यू झाला, आणि २०१९ मध्ये मुंडे दांपत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. त्या साखळीत मुलगी नको म्हणणारे घर होते, डॉक्टर होता, दलाल होते. जीव गेला तो बाईचा.

जिच्या शरीराकडे गरोदरपणात कोणी नीट पाहिले नाही, त्याच शरीराकडे पुढे बाजार पाहतो. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, फडात पाणी नाही, आडोसा नाही. दोन-तीन लेकरे झाली की खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढून टाकली जाते. २०१९ मध्ये विधान परिषदेत उत्तर आले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढले गेले. त्यानंतरच्या चौकशीत ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कित्येकींना डॉक्टरने टेबलावर झोपवून सविस्तर तपासले ते पहिल्यांदा याच शस्त्रक्रियेच्या वेळी, असे त्या आम्हाला सांगतात. पिशवी गेली की पाळी नाही, दिवस जाण्याची भीती नाही, म्हणजे खाडा नाही. याला ‘तिचा निर्णय’ म्हणणारे विद्वानही आहेत!

आणि हा ‘एका समाजाचा’ प्रश्न आहे, या भ्रमात राहू नका. बीडचे राजकारण ऊसतोड म्हटले की एकाच जातीचे नाव घेते. कोयता वंजारी, बंजारा, मराठा, मातंग, बौद्ध, पारधी सगळ्यांच्या हातात आहे. फरक इतकाच की कोपी कुठे पडते, पाणी कोण भरू देते आणि गावातल्या दवाखान्यात कोण आधी आत जाते, तिथे जात पुन्हा उभी राहते.

मग कार्यकर्त्याने काय करायचे? भाषण नको, तयारी करा. भाद्रपदातच, टोळ्या उठायच्या आधी, वस्तीतल्या प्रत्येक लग्न झालेल्या बहिणीशी आपल्या महिला कार्यकर्त्यांनी बोलायचे. पाळीची तारीख आठवत नसते. पंचमीच्या आधी की नंतर, पेरणीत की खुरपणीत, असे विचारले की आठवते, आणि त्यावरून आशाताई महिने मोजतात. पाळी चुकली असेल तर उपकेंद्रात लघवीची तपासणी लगेच होते, थांबायचे कारण नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तो दिवस धरा. सोबत आधार, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, असल्यास ई-श्रम कार्ड. नवऱ्याला न्याच, पण आत बोलताना तो मध्ये नको. आधी मूल पडले असेल, पोटातच गेले असेल, मोठ्या शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल, घरात मारहाण होत असेल, हे ती नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर सांगत नाही.

पहिल्या तपासणीत वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी झाली पाहिजे. धनुर्वाताचे इंजेक्शन, म्हणजे टीडी, पहिले तेव्हाच, दुसरे चार आठवड्यांनी. ते दुसरे फडावर द्यावे लागणार, म्हणून त्याची तारीख कार्डावर मागून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले तर रक्त कमी आहे, ७ च्या खाली असले तर ती ट्रकमध्ये बसता कामा नये, तिला आधी मोठ्या दवाखान्यात न्यायचे. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून, रोज एक, निदान १८० दिवस. हंगामभराच्या गोळ्या बांधून मागा. चहासोबत घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, आणि कोपीत पहाटे पोटात जातो तो चहाच, म्हणून गोळी रात्री जेवणानंतर. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळ राहिले पाहिजे, मुकादमाच्या पिशवीत नाही. ते राज्यात कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालते. ‘तिकडेच जा’ म्हणणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहून ठेवा, तालुका आरोग्य अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवा. गरोदर बाईला नेण्या-आणण्याची गाडी १०२ वर मोफत मिळते, तातडी असेल तर १०८.

गावोगावी आपली मंडळे जयंतीला वर्गणी काढतात, डीजे आणतात. १४ एप्रिलच्या सुमारास टोळ्या परतलेल्या असतात. त्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून चालणाऱ्या बायकांपैकी कितीजणींचे कार्ड कोरे आहे, याची यादी मंडळाच्या वहीत असली पाहिजे. त्याच वर्गणीतून पाच-सहा बायकांचे पहिल्या तपासणीच्या दिवसाचे खाडे भरता येतात. पण ते कायमचे आपण भरत बसायचे नाही. तो पैसा कारखान्याकडून वसूल व्हायला हवा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले आहे. गरोदर बायकांची फडावरची तपासणी आणि त्या दिवसाची मजुरी यातून का देत नाही, हा प्रश्न तहसीलदारामार्फत लेखी विचारा, माहिती अधिकारात विचारा, उत्तर आले नाही तर अपिलात जा.

आणि मुकादम उचल वाटायला वस्तीवर येईल, तेव्हा चार शिकलेल्या पोरापोरींनी तिथे बसायचे. त्याच्या वहीत आकडा पडतो, अंगठा उठतो. त्या अंगठ्याच्या वर एक ओळ लिहून घ्यायची: बाईच्या तपासणीच्या दिवसाला खाडा नाही. तो नाही म्हणेल. मग ती वही, तिचा फोटो आणि त्या कारखान्याचे नाव घेऊन साखर आयुक्तांचे पुण्यातले कार्यालय गाठायचे, हंगाम सुरू व्हायच्या आत.