मिश्रणाचा धोका गाडी भरण्याआधी ठरवा

6 जानेवारी 2022 च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन जीआयडीसीत एका टँकरमधले टाकाऊ रसायन नाल्यात सोडले गेले. शेजारच्या कापड गिरणीत कामगार होते. विषारी वायूने त्यांच्यातल्या सहा जणांचा जीव घेतला आणि वीसहून अधिक जण रुग्णालयात गेले. तपासाचा माग महाराष्ट्रात, तळोजा औद्योगिक वसाहतीपर्यंत आला. पोलीस तपासात सोडियम हायड्रोसल्फाइडचे नाव पुढे आले. हे द्रावण आम्लात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, आणि औद्योगिक वसाहतीच्या नाल्यात आम्लाला तोटा नसतो. या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. मात्र हवेतले प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला धोका टळला असे वाटते, तेव्हाच तो वाढलेला असतो.

या दुर्घटनेनंतर बेकायदा विल्हेवाटीवर बरेच बोलले गेले, आणि ते योग्यच होते. पण आधीचा एक प्रश्न बाजूलाच राहिला. कारखान्यातून निघालेले रसायनांचे मिश्रण रस्त्यावर येते, तेव्हा ते 'घातक' आहे हे कोण, कधी आणि कशावरून ठरवते? त्याला विकता येण्याजोगा उपपदार्थ म्हटले तर त्याचा प्रवास एका तऱ्हेने होतो. घातक कचरा म्हटले तर परवाना, ठराविक वाहन, कागदपत्रे आणि विल्हेवाटीचा खर्च, सगळेच बदलते. या एका शब्दावर पैसा अवलंबून असल्यामुळे तो शब्द सोयीने निवडण्याचा मोह मोठा असतो.

आपल्याकडे घातक कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत आणि त्यांतली व्याख्या उत्तम आहे. कचरा एकटा किंवा इतर कचऱ्याच्या, पदार्थांच्या संपर्कात आल्यावर आरोग्याला वा पर्यावरणाला धोका करू शकत असेल, तर तो घातक. पहिल्या अनुसूचीत कोणत्या उद्योगातून कोणता घातक कचरा निघतो याची यादी आहे. औषधनिर्मितीतले वापरून झालेले सॉल्व्हंट, सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ, वापरलेले तेल ही त्यातली नेहमीची नावे. दुसऱ्या अनुसूचीत मर्यादा आहेत. अर्कात शिसे लिटरला 5 मिलिग्रॅम, कॅडमियम 1 मिलिग्रॅम, पारा 0.2 मिलिग्रॅम झाला की कचरा घातक. त्याखेरीज गुणधर्मही पाहिले जातात: 60 अंशांखाली पेट घेऊ शकणारी वाफ, 2 किंवा त्याहून कमी अथवा 12.5 किंवा त्याहून जास्त सामू, म्हणजे पीएच.

हा अर्क काढतात कसा, ते पाहण्यासारखे आहे. कचऱ्याचा नमुना त्याच्या वीसपट वजनाच्या सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाच्या द्रावणात टाकतात. बाटली मिनिटाला तीस फेऱ्या या गतीने सुमारे 18 तास उलटीपालटी फिरवतात. मग गाळून त्यात किती धातू उतरले ते मोजतात. कचरा जमिनीत पुरला तर पावसापाण्याने त्यातून काय झिरपेल, हे ही चाचणी सांगते. पुरण्यासाठी ती योग्यच आहे. पण घाटात टँकर उलटला तर त्यातून कोणता वायू उठेल, पाण्याचा फवारा मारावा की मारू नये, हे तिला विचारलेलेच नसते.

त्यासाठी मोटार वाहन नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 129 ते 137 क्रमांकाच्या नियमांत गाडीवरचे आपत्कालीन माहितीफलक, धोक्याची चिन्हे, चालकाचे प्रशिक्षण, केबिनमध्ये ठेवायचे आपत्कालीन सूचनांचे 'ट्रेम कार्ड', सगळे आहे. माल पाठवणाऱ्याने त्याची पूर्ण माहिती द्यायची हेही आहे. अडचण अशी की तिथली यादी नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या रसायनांची आहे. क्लोरीन, बेंझिन, नायट्रिक अ‍ॅसिड. कचऱ्याच्या टँकरमध्ये असे एकच एक रसायन क्वचितच असते. तिथे टोल्युइन, पाणी, थोडे आम्ल, तळाशी गाळ असा काला असतो, आणि प्रत्येक खेपेला त्याचे प्रमाण वेगळे.

कचऱ्यासोबत जाणाऱ्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्राच्या, सात प्रती असतात, पांढऱ्यापासून करड्यापर्यंत सात रंगांच्या. त्यात कचऱ्याचे वर्णन, वजन, घन की गाळ की द्रव हे भरायचे असते. खाली पाठवणाऱ्याने प्रमाणित करायचे असते की मालाचे वाहतुकीचे योग्य नाव, वर्ग, वेष्टन आणि लेबल बिनचूक आहे. वर्णनाच्या रकान्यात 'प्रोसेस रेसिड्यू' एवढेच दोन शब्द लिहून ही सही करता येते, हीच खरी उणीव आहे. अग्निशमन दलाच्या जवानाने त्या दोन शब्दांवरून कोणता मुखवटा चढवायचा?

दुसऱ्या अनुसूचीतली एक टीप या संदर्भात महत्त्वाची आहे. उद्योगाचे स्वरूप आणि वापरलेला कच्चा माल पाहून संबंधित घटकांचीच तपासणी करावी, असे ती सांगते. एका कारखान्याच्या एका प्रक्रियेसाठी हे शहाणपणाचे आहे. पण टँकरने तीन कारखान्यांचा माल एकत्र भरला की 'संबंधित घटक' कोणते, हे कुणालाच सांगता येत नाही. घातक कचरा साध्या सांडपाण्यात मिसळून मर्यादेखाली आणण्याची पळवाटही इथेच सुरू होते. अमेरिकेने 1980 मध्येच ती अडवली: यादीतला घातक कचरा इतर कचऱ्यात मिसळला तर अख्खे मिश्रण घातक. न्यायालयाने 1991 मध्ये प्रक्रियेतल्या त्रुटीवरून तो नियम रद्द केला, तर पुढच्याच वर्षी तो पुन्हा लागू करण्यात आला.

नावाच्या खेळाची किंमत आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहराने मोजली आहे. ट्राफिगुरा कंपनीने भाड्याने घेतलेल्या प्रोबो कोआला जहाजावर 2006 मध्ये गंधकयुक्त नॅफ्था कॉस्टिक सोड्याने धुतला गेला. उरलेला द्रव अ‍ॅमस्टरडॅम बंदरात जहाजाच्या टाक्या धुतल्याचे पाणी म्हणून उतरवायला सुरुवात झाली. असह्य दुर्गंधीमुळे तपासणी झाली, प्रक्रियेचा दर कित्येक पटींनी वाढला, आणि जहाजाने माल परत घेतला. ऑगस्टमध्ये तो आबिजानमध्ये ठिकठिकाणी ओतला गेला. हजारो लोक उपचारासाठी रुग्णालयांत धावले. कचऱ्याचे घातक स्वरूप लपवल्याबद्दल आणि तो बेकायदा बाहेर पाठवल्याबद्दल डच न्यायालयाने 2010 मध्ये कंपनीला दहा लाख युरो दंड केला.

इथे लहान उद्योजकाची बाजूही ऐकली पाहिजे. तारापूर किंवा कुरकुंभमधल्या छोट्या युनिटला प्रत्येक ड्रमची पूर्ण चाचणी परवडणार नाही, हे खरे आहे. पण तशी गरजही नाही. युरोपातल्या रस्ते वाहतुकीच्या एडीआर नियमांत यावर सरळ तोडगा आहे. कचऱ्याची घटकरचना नेमकी माहीत नसेल तर पाठवणाऱ्याच्या माहितीवरून वर्ग ठरवता येतो. मात्र शंका असेल तिथे सर्वांत वरची धोक्याची पातळी धरायची. म्हणजे अज्ञानाचा खर्च पाठवणाऱ्याकडे जातो. आपल्याकडे तो चालक, पोलीस आणि रस्त्याकडेच्या वस्तीवर पडतो. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरच्या वालधुनी नदीत टँकरचे रसायन ओतले गेले, तेव्हा शेकडो रहिवाशांना श्वास घ्यायला त्रास झाला. नदीत काय मिसळले आहे, याचा शोध रुग्ण दाखल होऊ लागल्यावर सुरू झाला.

तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या विल्हेवाट प्रकल्पांत आलेल्या मालाची दारातच झटपट तपासणी होते: रंग, सामू, ज्वालाबिंदू, दुसऱ्या कचऱ्याशी जुळते का. ही तपासणी चांगली आहे, फक्त ती प्रवास संपल्यावर होते. तीच कारखान्याच्या दारात, गाडी भरण्याआधी सक्तीची करावी. दोन मिश्रणांचे थोडे थोडे नमुने काचपात्रात एकत्र करून तापमान चढते का, वायू सुटतो का, हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

केंद्रीय पर्यावरण आणि रस्ते वाहतूक मंत्रालयांनी एकत्र बसून तीन दुरुस्त्या कराव्यात. मॅनिफेस्टवर संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीचा यूएन क्रमांक आणि धोक्याचा वर्ग यांचा रकाना सक्तीचा करावा. घातक कचरा मिसळलेले मिश्रण पाणी घालून पातळ केले तरी घातकच राहील, असे नियमात स्पष्ट लिहावे. आणि शंका असेल तिथे वरचा वर्ग, हे तत्त्व मोटार वाहन नियमांत आणावे. दुरुस्ती होईपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतीपत्राच्या अटींतून निदान पहिली मागणी राज्यात लागू करावी.