हाक ऐकू येते का?

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या नागपूरच्या घरात मोजून तीन खोल्या. त्यांतल्या मधल्या खोलीतून सासूबाईंनी आपल्या नातवाला फोन केला. नातू काही मुंबई-पुण्याला नव्हता; शेजारच्याच खोलीत, त्यांच्यापासून दहा हातांवर होता. आणि मागायचे काय होते, तर पेलाभर पाणी. मी म्हटले, "आई, फोन कशाला? हाक मारायची ना!" त्या शांतपणे म्हणाल्या, "हाका मारून पाह्यल्या, बाई. त्याच्या कानात बोंडं असतात. फोन केला की तो त्या बोंडातच वाजते, मग येते तो."

म्हातारीने काळाशी कसे जुळवून घेतले, म्हणून आम्ही सगळे पोट धरून हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला ते हसणे बोचू लागले. ज्या घरात हाक मारण्याचा उपयोग उरला नाही, त्या घरात हसण्यासारखे काय होते?

पुढे दिवाळीच्या खरेदीत चिरंजीवांनी नव्या बोंडांची मागणी नोंदवली. 'ह्यांना' बसमधून जाता-येता ऐकण्यासाठी काहीतरी हवे होते, आणि खरे सांगायचे तर पोळ्या लाटताना गाणी ऐकायला मलाही हवेच होते. म्हणून आम्ही सारे बर्डीवर गेलो. दुकानदार मोठा उत्साही गृहस्थ. "मॅडम, बास पाहा न कसा येऊन राह्यला! छाती हालते!" हे एक. "हे घाला, बाजूला बाँब फुटला तरी कळणार नाही," हे दुसरे. "चाळीस तास चालते," हे तिसरे. बास, शांतता आणि तास! अर्धा तास मी ऐकत होते. काय ऐकणार, कुठे ऐकणार, घरी कोण असते, यांतले एक अक्षर त्याने विचारले नाही. त्याला दोष कशाला देऊ? आम्ही गिऱ्हाइकांनी तरी त्याला दुसरे काय विचारले होते?

आता या तीन गुणांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिला बास. ठणठणाट म्हणजे उत्तम आवाज, ही समजूत आपल्या गणपती-मिरवणुकांनी पक्की करून ठेवली आहे. तीच आता डबीत घालून विकतात. खालचे सूर असे फुगवले की गायिकेचा शब्द त्यांखाली दबतो. शब्द कळेना म्हणून ऐकणारा आवाज वाढवतो आणि आवाजासोबत ठणठणाटही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे : ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकावा, फार नाही, मुलांकरिता मर्यादा ७५. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याची मुदत निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याची सारी चैन चार तासांत संपली! माणसाच्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी सुमारे पंधरा हजार. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले होते, "मॅडम, रात्री कानात रातकिडे ओरडतात, तुमच्याही ओरडतात काय?" पोरगा पंधरा वर्षांचा. त्याला वाटत होते, सगळ्यांच्याच कानांत ओरडत असतील.

दुसरी शांतता. बाहेरचा गोंगाट खोडून काढणारी ही युक्ती खरोखर विलक्षण आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करते. यंत्रातला ध्वनिग्राहक बाहेरचा आवाज पकडतो, यंत्र त्याची बरोबर उलटी लहर तयार करते, आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकन प्राध्यापकाला १९७८ साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली. पुढे १९८९ साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांकरिता असे यंत्र बाजारात आणले. म्हणजे ही विद्या मुळात विमानाच्या घरघरीवर निघाली. एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर ती उत्तम पुसते. रेल्वेत, बसमध्ये किंवा आमच्या नागपुरी कूलरपुढे बसणाऱ्याला तिचा मोठा फायदा असा की गोंगाटावर मात करण्याकरिता आवाज चढवावा लागत नाही. तिथे ती कान वाचवते. पण घरात कोणती विमाने उडत असतात? घरात असतो कुकरच्या शिट्टीचा हिशेब, दाराची कडी, आणि म्हातारीची हाक. हाक त्या उलट्या लहरीने फारशी पुसली जात नाही. पण कानाच्या भोकात घट्ट बसलेले रबरी बूच आणि वर चाललेले गाणे, ही दोघे मिळून उरलेले काम पुरे करतात. मौज पाहा, त्याच महागड्या यंत्रांत बाहेरचा आवाज पुन्हा आत घेण्याचीही सोय असते! आधी पैसे देऊन खिडकीत विटा रचायच्या, मग आणखी पैसे देऊन तिथेच झरोका पाडायचा.

तिसरे तास. चाळीस तास चालते म्हणजे बोंडे चाळीस तास चालतात असे नव्हे. डबीतून पुन्हा पुन्हा भरून घेतल्यावरची ती बेरीज असते. आणि हे तास नव्या नवरीचे! आतली लिथियमची बॅटरी वर्षागणिक थकते, उष्णतेने अधिक लवकर थकते. ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत हे यंत्र ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य भाजून काढणे आहे. बहुतेक बोंडांची बॅटरी बदलता येत नाही. गेली की सारेच टाकायचे. भाकरी भाजायचा तवा दोन पिढ्या चालतो. हे दोन-तीन वर्षांत कचऱ्यात जाते. तेव्हा फार महाग घेण्याआधी दहादा विचार करावा. मानेभोवती पट्टी असलेला प्रकार जुनाट दिसला तरी त्यात बॅटरी मोठी मावते, आणि एक बोंड पलंगाखाली हरवण्याचे भय नसते. ज्याच्या फोनला जुने छिद्र शिल्लक आहे, त्याने तर तारेची लाज धरूच नये. तार कधी चार्ज करावी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, "बाई, तुम्हाला मोठ्याने लावलेला रेडिओच परत हवा आहे." मुळीच नाही. नागपूरची आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली आणि विविध भारती १९५७ साली. सासूबाईंच्या माहेरी वाड्यात एकच रेडिओ होता, आणि त्याचा कान पिरगाळण्याचा हक्क फक्त घरच्या कर्त्या पुरुषाला. बातम्या लागल्या की बायकांनी बोलायचे नाही. गाणे लागले की ते बंद व्हायचे. आपल्या आवडीचे, आपल्यापुरते, कोणाला न विचारता ऐकणे ही केवढी मोठी मोकळीक आहे, हे बाईमाणसाला सांगायला नको. ती मोकळीक मला हवी. तिची किंमत म्हणून शेजारच्या खोलीतले माणूस द्यायला मात्र मी तयार नाही.

या बिनतारी विद्येला ब्लूटूथ म्हणतात. ते नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डेन्मार्कच्या राजाच्या टोपणनावावरून ठेवले. का, तर त्याने विखुरलेल्या लोकांना एकत्र आणले, तसे हे यंत्रायंत्रांना एकत्र आणील म्हणून. यंत्रे एकत्र आली खरी. आमच्या तीन खोल्यांत माणसे मात्र वेगवेगळी बसली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की रोजच्या ऐकण्याकरिता यंत्र निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा : हे घातल्यावर मला हाक ऐकू येईल काय? त्यानंतर कानाला नीट बसते का, कमी आवाजात शब्द स्पष्ट कळतात का, बोलताना आपला आवाज पलीकडे नीट जातो का, हे पाहावे. बास, तास आणि रंग सर्वांत शेवटी.

या कसोटीने आम्ही काय घेतले, तेही सांगते. बसमध्ये बसणाऱ्या 'ह्यांना' गोंगाट खोडणारे घेतले. ते घरात घालायचे नाही या अटीवर. मी कानाच्या भोकात न शिरता बाहेरच बसणारे घेतले. त्यात बास जवळजवळ नाहीच, आणि रस्त्यावर ते कुचकामी ठरते, हे दोष मला मान्य आहेत. पण स्वयंपाकघरात मला गाणेही ऐकू येते आणि दूध उतू जातानाची चाहूलही लागते. चिरंजीवांना नवे काही नाही. जुनेच, आणि घरात एका वेळी एकाच कानात. ते आठवडाभर रुसले होते.

राहिल्या सासूबाई. डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वीच श्रवणयंत्र सांगितले आहे. त्या घालत नाहीत. "लोक बहिरी म्हणतील." दोन्ही कानांत बोंडे खुपसून हिंडणारा नातू ऐटदार, आणि ऐकू यावे म्हणून एक बोंड घालणारी आजी बहिरी! न ऐकण्याकरिता घातले तर भूषण आणि ऐकण्याकरिता घातले तर लाज, असा हा आपला न्याय. अमेरिकेत २०२४ साली सरकारी औषध-प्रशासनाने एका कंपनीच्या अशाच बोंडांना, सौम्य ते मध्यम बहिरेपणाकरिता, श्रवणयंत्र म्हणून वापरायला परवानगी दिली. मी हे घरी वाचून दाखवले तेव्हा नातवाने आजीकडे पाहिले आणि कानातले बोंड काढून म्हणाला, "आजी, तू तुझं घाल. मग आपण दोघं सारखेच दिसू." त्या काही बोलल्या नाहीत. पण डबी कपाटातून काढून उशीजवळ ठेवली आहे, हे मी पाहिले आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे घरोघरी कोणीतरी तेल-उटणे घेऊन हाक मारील. त्या वेळी तरी दोन्ही कान रिकामे ठेवा. कारण हाक मारणारे माणूस काही रोज नव्याने मिळत नाही.