पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि बिननावाची डबी



मागच्या आठवड्यात वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म वैरागला आमच्या घरी आला. पुतणीसाठी भरायचा होता. जाऊबाई सांगत होत्या, मी लिहीत होते. नाव, शिक्षण, उंची झाली आणि 'वर्ण' आला. जाऊबाई जरा थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "निमगोरी लिहा." पोर समोरच बसली होती. चांगली सावळी आहे, माझ्यासारखीच. आणि मी, इथे तुम्हाला दर महिन्याला सत्य अणुव्रतावर चार शब्द सांगणारी, 'निमगोरी' लिहून मोकळी झाले. पोर काही बोलली नाही, उठून आत गेली.

संध्याकाळी तिच्या कपाटात पांढरी प्लास्टिकची डबी सापडली. कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. कुठल्याशा पार्लरमधून आणलेली. ही मुलगी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे!

आपण बिस्किटाचा पुडा घेताना काय करतो? हिरवा ठिपका बघतो, अंडं आहे का, जिलेटिन आहे का, बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतो. चातुर्मासात तर विचारूच नका. आणि तोंडाला फासायची वस्तू मात्र न वाचता घेतो, कारण ती गोरं करते.

अकोल्याची बातमी आठवते का? २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आली होती. एक कॉलेजातली मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिघी स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेलं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून थोड्या दिवसांत फरक दिसतो आणि आपण खूश होतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आईने लावलं म्हणून मुलीने लावलं, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

हे खूळ आलं कुठून? आपल्या आज्यांच्या काळातही गोरेपणाचं कौतुक होतंच, खोटं कशाला बोलू. पण १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं आणि त्या कौतुकाचा धंदा झाला. जाहिरातीत सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही. ट्यूब लावली की दोन्ही हजर. आपण ते जेवताना बघितलं, मुलींना मांडीवर घेऊन बघितलं. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सांगितलं की सावळ्या माणसाला कमी लेखणारी जाहिरात चालणार नाही. २०२० मध्ये नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगाची चाळणी काढून टाकली. म्हणजे बाजाराला लाज वाटली, थोडी का होईना. आपल्या मेळाव्याच्या फॉर्मवर रकाना तसाच.

आणि रोज सकाळी आपण कोणापुढे हात जोडतो? नेमिनाथ भगवंतांचा वर्ण श्याम, मुनिसुव्रतनाथांचाही. काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर अभिषेक करताना "जरा उजळ असती तर" असं कोणाच्या मनात आलंय का? सनत्कुमार चक्रवर्तींची कथा तर आपण मुलांना सांगतो. रूपाचा केवढा अभिमान होता त्यांना, आणि ते रूप क्षणाक्षणाला ओसरतंय हे कळलं तेव्हा राज्य सोडून दीक्षा घेतली. बारा भावनांमध्ये अशुचि भावना आहे. ती काय फक्त पर्युषणात म्हणायची?

"मुलाकडचे विचारतात ना," असं तुम्ही म्हणाल. विचारतात, खरंय. पण मुलाकडचे म्हणजे कोण? दोन वर्षांनी माझ्या मुलाचं बघायचं आहे, तेव्हा मुलाकडची मीच असणार. तुमच्यातल्या निम्म्याजणींचंही तेच. आणि मुलाच्या फॉर्मवर 'वर्ण' रकाना कोण वाचतं हो? तिथे सगळे थेट पगारावर जातात.

काल 'निमगोरी'वर काट मारून 'सावळी' लिहिलं. समितीच्या काकांना फोन केला, पुढच्या वर्षी हा रकाना काढा म्हटलं. ते म्हणाले, "बघू, मीटिंगमध्ये ठेवतो." तुम्हीही आपापल्या गावच्या समितीला फोन करा, एकीच्या फोनने काही हलायचं नाही. डबी मी पुतणीच्याच हातात दिली. तिने ती कॉलेजच्या सरांना दाखवायला नेली आहे. जाऊबाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.