नाटाच्या तयारीत वाचन कुठे आहे?

बारावीचे पेपर संपतात आणि आर्किटेक्चरला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी कार्ट्रिज पेपरची भेंडोळी येऊन पडतात. क्लासमध्ये आधी घन आणि दंडगोल, मग दोन बिंदूंचं पर्स्पेक्टिव्ह, मग मेमरी ड्रॉइंग. छत्र्या, मिरवणुका, रेल्वे फलाट, भाजीबाजार. हात बसेपर्यंत शीटमागून शीट. ‘ड्रॉइंग चांगलं आहे, आर्किटेक्ट हो’ हा सल्ला तर मराठी घरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या निकालापासूनच मिळायला लागतो. ग्रेड ‘ए’ आली की मामा, काका आणि शेजारचे जोशी सगळ्यांचं एकमत होतं. पोरगं वाचतं का, हे मात्र कोणी विचारत नाही.

परीक्षेचं गणित वेगळंच सांगतं. वास्तुकला परिषदेची नाटा २०० गुणांची आहे. २०२४ मध्ये बदललेल्या स्वरूपात कागदावरच्या चित्र-रचनेच्या भागाला ८० गुण आहेत, संगणकावरच्या भागाला १२०. या दुसऱ्या भागात तर्क, आकृत्यांची जाण, भाषेचं आकलन, डिझाइनची समज असं सगळं येतं. जेईई मेनच्या आर्किटेक्चरच्या पेपरात तर ४०० पैकी अवघे १०० गुण ड्रॉइंगचे. गणिताचे १०० आणि अॅप्टिट्यूडचे २००. तरीही पालक क्लास निवडतात तो भिंतीवर लावलेली चित्रं पाहून.

शिवाय ड्रॉइंगचा प्रश्न हासुद्धा आधी वाचायचा उतारा असतो. समजा, प्रश्न असा आला: ‘तुम्ही पहिल्या मजल्याच्या गच्चीत उभे आहात, खाली आठवडी बाजार भरला आहे, मावळतीचं ऊन डावीकडून येत आहे.’ सराव केलेला विद्यार्थी ‘बाजार’ हा शब्द दिसताच पेन्सिल उचलतो आणि क्लासमध्ये दहा वेळा काढलेला बाजार अकराव्यांदा काढतो. टोपल्या सुबक, माणसं जिवंत, पण सगळं रस्त्यावर उभं राहून पाहिल्यासारखं. वाक्य नीट वाचलं असतं तर क्षितिजरेषा माणसांच्या डोक्यांच्या बरीच वर गेली असती, छपरांचे वरचे पत्रे दिसले असते, सावल्या उजवीकडे लांबच लांब पडल्या असत्या. त्या एका ओळीत चित्राचा निम्मा आराखडा दडलेला होता. हात तयार होता, वाचायची सवय नव्हती.

प्रवेश मिळाल्यावर हीच उणीव प्लॅन वाचताना दिसते. प्लॅन म्हणजे इमारत जमिनीपासून साधारण मीटर-सव्वा मीटर उंचीवर आडवी कापून वरून पाहणं. म्हणूनच त्यात जिना अर्ध्यावर तिरक्या तुटक रेषेने संपतो. ही खूण पाठ करून काढणारी मुलं पुष्कळ असतात. तो जिना मनातल्या मनात चढून जाणारी थोडी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आणि रुंदी निदान ३०० मिलिमीटर हवी. म्हणजे तीन मीटर उंच मजल्याला वीस चढ झाले. ते दोन भागांत वाटले तर प्रत्येक भागाची लांबी २.७ मीटर, वर लँडिंगची जागा वेगळी. हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे, पण तो ज्याला कागदावरच्या रेषांत दिसतो त्याचा जिना खोलीत मावतो. बाकीच्यांचा ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडायच्या दिवशी भिंतीतून बाहेर येतो.

रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी वास्तुविशारदाला काय काय यायला हवं याची यादी केली. चित्रकला तिच्यात आहेच, सोबत भूमिती, इतिहास, संगीत, वैद्यक, कायदाही आहे. आणि चित्रकलेच्या आधी त्याने नाव घेतलं ते अक्षरविद्येचं.

वाचन पानापुरतं नसतं, हे बाळकृष्ण दोशींच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसतं. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले दोशी २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. इंदूरच्या अरण्य वसाहतीची आखणी चालू असतानाच्या काळात त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाबरोबर इंदूरच्याच गरीब वस्त्यांचा अभ्यास केला. ओटे, झाडं, घरासमोरची जागा, दारातलं छोटं दुकान लोक कसं वापरतात, हे मोजून-रेखून नोंदवलं गेलं. अरण्यमध्ये अनेक कुटुंबांना पूर्ण घराऐवजी जोतं, पाणी आणि संडास असलेला भूखंड मिळाला. बाकीचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. १९९५ मध्ये या वसाहतीला आगा खान पुरस्कार मिळाला. नुसत्या छान पर्स्पेक्टिव्हमधून ही कल्पना सुचण्यासारखी नव्हती. ओट्यावर कोण बसतं आणि का, हे कुणीतरी आधी पाहायला हवं होतं.

ड्रॉइंग बिनमहत्त्वाचं, असं इथे कोणी म्हणत नाही. पण ड्रॉइंग पहिल्या वर्षात कॉलेज शिकवतं. वाचन येतच असेल असं धरून चालतं आणि पाच वर्षांत ते शिकवायचं राहूनच जातं. पुढे व्यवसायात पडल्यावर त्याच मुलासमोर महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली येते. सामासिक अंतरं, एफएसआय, पार्किंग, एका नियमाच्या पोटात दुसऱ्या नियमाचा हवाला. ज्याला सलग दहा पानं वाचायची सवय नाही, तो कायम दुसऱ्याने काढून दिलेल्या तक्त्यावर विसंबून राहतो.

यावर उपाय महागडा नाही, हे विशेषतः लातूर-चंद्रपूरच्या मुलांसाठी सांगायला हवं. त्यांना शहरातल्या क्लासची फी आणि खोलीभाडं दोन्ही परवडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ कुठल्याही वाचनालयात मिळते. त्यात गावकऱ्यांच्या श्रमातून तालमीची इमारत उभी राहते. ती वाचून वाडीचा नकाशा काढावा: शाळा कुठे, तालीम कुठे, वाट कुठून येते. पुस्तकात नसलेलं काय आपण मनाने घातलं, तेही बाजूला लिहावं. मग शंभर रुपयांचा टेप घेऊन गावातला एसटी स्टँड मोजावा. बाकाची उंची, छपराचा पुढे आलेला भाग, दुपारी दोनला सावली कुठवर पोहोचते आणि लोक बाक सोडून नेमके कुठे उभे राहतात. ते रेखाटून खाली पाच वाक्यं लिहावीत. क्लासवाल्यांनीही पहिले पंधरा दिवस नेहमीच्या चित्रांचा सराव बाजूला ठेवून एवढंच करून घ्यायला हरकत नाही. पालक तक्रार करतील. भिंतीवर लावायला त्यातून काहीच निघणार नाही ना!